थांबा, हात बगू द्या

मॅच संपली की लोक उठतात. शेवटचा चेंडू जाळीत गेला, कोण जिंकलं ते कळलं, की ज्याची त्याची चप्पल शोधायची घाई. मंदाकाकी त्या वेळी उलट पुढे सरकायच्या. गुडघ्यावर हात टेकून टीव्हीच्या पार जवळ जायच्या आणि मागे न बघता म्हणायच्या, "थांबा. हात बगू द्या."

दोघे खेळाडू जाळीपाशी येऊन एकमेकांना हात देतात, तेवढंच त्यांना बघायचं असायचं. तोवर चाललेला खेळ ही जणू त्याची तयारी. हारणारा कसा चालत आला, कुणी हात आधी पुढे केला, हात देताना डोळे कुठे होते, हे सगळं बघून झालं की मगच त्या निकाल सांगायच्या. टीव्हीवरचा निकाल वेगळा, काकींचा वेगळा.

घोटावड्याच्या रस्त्याला आमची वस्ती आहे. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती. आमचं घर आणि मंदाकाकींचं घर यांच्यात एक चिंचेचं झाड. काका जाऊन बरीच वर्षं झालेली. काकींनी घरावर मजला चढवून खोल्या काढल्या आणि हिंजवडीला कामाला जाणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या. त्यातल्या एका खोलीत अकोल्याचा रोहन आला आणि त्याच्याबरोबर टेनिस आलं. त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, काकींच्या सोप्यात होता. एका जानेवारीत तो सकाळी भीत भीत खाली आला आणि म्हणाला, "काकी, ऑस्ट्रेलियातली मॅच आहे. तुमचं बघून झालं की लावू का?"

"लाव की," काकी म्हणाल्या. "मी भाकरी करत बगते."

त्या दिवशी एक भाकरी करपली.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बोलावून घेतलं, कारण टीव्हीवरचा माणूस इंग्रजीत बोलायचा आणि रोहन मॅचच्या मध्ये तोंड उघडायचा नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील आठवी, आई शाळेत गेलेलीच नाही. पिरंगुटच्या एका कंपनीत मी हिशेबाचं काम करते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही आणि काकींना तर त्याहून नाही. कुणीही आलं की त्या माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "ही आमची इंग्रजी."

एकदा त्यांनी विचारलं, "कविते, त्यो सारखा अनफोर अनफोर काय म्हनतोय?"

"अनफोर्स्ड एरर. म्हणजे समोरच्याने काही अवघड केलं नव्हतं, तरी ह्याने चूक केली. कुणी भाग पाडलं नसताना केलेली चूक."

काकी म्हणाल्या, "आनि त्येची मोजदाद ठेवत्यात?"

"ठेवतात. शेवटी दाखवतात."

"बरं हाय. आपली कोन ठेवत न्हाई म्हनून निभावतंय."

चौथे आमचे युसूफभाई. नाक्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. पाइपचं बिल द्यायला एकदा आले, मॅच चालू होती, उभ्याउभ्या बघत राहिले आणि मग दरवर्षी जानेवारीत मुलाला गल्ल्यावर बसवून यायला लागले. अशी आमची मंडळी जमली. पडद्यावर दोन नावं एकाखाली एक येतात ना, त्यावरून काकींनी नियम केला होता. ज्याला वरचं नाव जिंकेल असं वाटतं त्याने बाकड्यावर बसायचं, खालचं नाव जिंकेल असं वाटतं त्याने चटईवर. पहिला चेंडू पडला की जागा बदलायची नाही. हारलेल्या बाजूने चहा करायचा.

काकींचे अंदाज बरोबर यायचे असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा चुकायचे. रोहन मोबाइलमध्ये आकडे बघून बसायचा आणि चहा पीत राहायचा. काकी बसायच्या माणूस बघून. हा टॉवेल मागताना पोराकडे बघतो का. खुर्चीत बसल्यावर पाय हलवतो का. पंचाशी कसा बोलतो. त्यावरून एक बाजू निवडायच्या आणि शेवटी चहा करायच्या. चहा टाकताना म्हणायच्या, "चांगला हाय म्हनून जिंकंल आसं थोडंच हाय? पर बसायचं तर चांगल्याच्याच बाजूला बसावं, वेळ बरा जातो."

खेळाडूंची नावं त्यांना जमायची नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली होती. एक होता आदळ्या. चूक झाली की रॅकेट आपटायचा, कधी गुडघ्यावर धरून मोडायचा. दुसरा होता मुका. जिंकला तरी तेच तोंड, हारला तरी तेच. हा मुका काकींचा लाडका. "घरातलं घरात ठिवतो," म्हणायच्या. पण एका वर्षी मुका हारला, जाळीपाशी आला, समोरच्याच्या हाताला बोटं लावली न लावली आणि तोंड फिरवून पिशवीकडे गेला. काकी टीव्हीजवळून उठल्या त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून मुका ज्या बाजूला असेल त्या बाजूला त्या बसल्या नाहीत.

यावरून सोप्यात दोन वर्षं वाद चालला होता. एकदा आदळ्याने रॅकेट मोडली आणि रोहन वैतागला.

"ह्याला बाहेर काढलं पाहिजे. काय वागणं आहे हे?"

"रॅकेट कुनाची?" काकींनी विचारलं.

"त्याचीच. पण काकी, लहान मुलं बघतात."

"माजा सासरा कालवण आळणी लागलं की ताट भिरकवायचा. लहान पोरं बगतच हुती. आन त्ये ताट मी घासल्यालं आसायचं. ह्यो निदान सोताचं मोडतोय."

युसूफभाई चटईवरून म्हणाले, "वहिनी, ह्यो तोडफोड करतो त्येला तुमची माफी. आन मुक्यानं कदी शिवी दिली न्हाई, कदी काय मोडलं न्हाई, त्येला मातूर जल्माची शिक्षा? ह्यो कुटला न्याय?"

"त्यानं हात दिला न्हाई, युसूफभाई. बोटं दिली."

"दमला आसंल की."

"दमला आसंल. पर ज्याच्यासंगं दुपारभर खेळलास, त्यो कोन हाय त्ये एकदा बगावं वाटू नये तुला? रागानं बग, पर बग."

"तुमी हारल्यावर बगाल?"

"बगीन की," काकी म्हणाल्या. "डोळं फाडून बगीन."

मला तेव्हापासून कुतूहल लागून राहिलं की, काकींना या हाताचं एवढं का? पण विचारलं तर त्या मलाच प्रश्न टाकायच्या. "हारल्याला मानूस त्या बोळातनं आत जातो, तितं फुडं काय करत आसंल गं? रडत आसंल? का भिताडाला डोकं लावून बसत आसंल? त्ये दावत न्हाईत." एकदा त्यांनी रोहनला ते मोबाइलवर शोधायला लावलं. नाही सापडलं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातली एक जागा बायकांसाठी होती. एका पॅनेलने मंदाकाकींना उभं केलं, दुसऱ्याने त्यांच्या धाकट्या जावेला, शालनकाकींना. दोन्ही पॅनेलची बुद्धी एकच, भावकीची मतं फोडायची. दोघी जावांची घरं शेजारी शेजारी, मध्ये भिंत आणि भिंतीत कंबर वाकवून जाता येईल असं एक छोटं दार. त्या दारातून विरजण जायचं, लसूण यायचा, शालनकाकींची मुलं तर त्याच दारातून ये-जा करत मोठी झाली. दाराला दोन्ही बाजूंनी कडी होती, पण ती कधी कुणी लावलेली मी बघितली नव्हती. प्रचार सुरू झाला आणि पहिल्यांदा दोन्ही कड्या लागल्या.

काकींनी चिन्ह म्हणून रॅकेट मागितली होती. पौडच्या तहसील कचेरीतून परत आल्या त्या फणफणत. "रॅकेट न्हाई म्हनं त्यांच्यात. बॅट दिली. क्रिकेटची." शालनकाकींना कपबशी मिळाली. मग बॅटवाल्यांनी कपबशीवाल्यांना काय म्हणावं आणि कपबशीवाल्यांनी बॅटवाल्यांना काय, ते सगळं झालं. दोघी स्वतः एकमेकींबद्दल वावगं काही बोलल्या नाहीत. पण कुणी बोललं तर थांबवलंही नाही. एका सभेत काकींच्या पॅनेलचा एक जण शालनकाकींच्या माहेरावरून बोलला. काकी शेजारी बसलेल्या होत्या, पदर नीट करत राहिल्या. त्या संध्याकाळी सोप्यात युसूफभाई नुसतं म्हणाले, "वहिनी, आज सभेत पंच गप हुता वाटतं?" काकींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निवडून कोण येतंय याच्याशी मला खरं तर देणंघेणं नव्हतं. रस्ता करू असं दोघींनीही सांगितलं होतं आणि तो अजून झालेला नाही. मला काळजी होती त्या छोट्या दाराची. माझ्या डोळ्यांसमोर एक एक दार असं कायमचं बंद झालेलं आहे आमच्या वस्तीत. मतमोजणी एका दिवसात संपते, कडी मात्र नातवंडांपर्यंत राहते.

मतमोजणी झाली त्या आठवड्यात स्पर्धाही शेवटाला आली होती. काकी हारल्या. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी.

आमच्याकडे रीत अशी की गुलालाची मिरवणूक हारलेल्याच्या दारात थांबते. मुद्दाम थांबते. डीजेवाला तिथेच आवाज वाढवतो, फटाक्यांची माळ तिथेच लागते, आणि हारलेलं घर दार-खिडक्या लावून आत बसतं. काकींच्या पॅनेलची पोरं सांगायला आली, "काकी, आज आत बसा. दार लावून घ्या."

"दार लावायचं न्हाई," काकी म्हणाल्या. नवीन लुगडं नेसल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. आम्ही तिघं मागे उभे. रोहनने मोबाइल काढला. मी त्याला खूण केली, नको म्हणून, तर काकीच म्हणाल्या, "घेऊ दे. मागनं बगता येतंय."

मिरवणूक आली. पुढे ट्रॅक्टर, त्यावर डीजे, मागे पोरं. शालनकाकी मध्ये, केसापासून पायापर्यंत गुलाल. ट्रॅक्टर फाटकासमोर थांबला. पोरांनी शालनकाकींना पुढे ढकललं, त्यांना बहुतेक वाटलं असावं की आता मजा येणार. काकी उठल्या. ओट्यावरून खाली उतरल्या, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेल्या आणि फाटकावरून हात पुढे केला. शालनकाकींनीही केला. डीजे चालू होता, पण नाचणारी पोरं थांबली. मग ट्रॅक्टर हलला, मिरवणूक पुढे गेली.

रोहनने ती चित्रफीत वस्तीच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत नुसते हात जोडलेले आणि टाळ्या. "मोठं मन." "याला म्हणतात संस्कार." काकींच्या विरोधात मत दिलेल्यांनीही लिहिलं. मलाही तसंच वाटत होतं. मी मागे उभी होते, मला काकींची पाठच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काकी ओट्यावर रोहनचा मोबाइल घेऊन बसल्या होत्या. डोळ्यांपासून लांब धरलेला.

"परत लाव," त्या रोहनला म्हणाल्या.

"काकी, किती वेळा?"

"लाव म्हनते ना."

मग मला जवळ बोलावलं. रोहन बाजूने फाटकाबाहेर खांबापाशी गेला होता, त्यामुळे काकींचं तोंड अगदी स्वच्छ आलं होतं. शालनकाकींची पाठ. काकींनी हात पुढे केला, हात मिळाला आणि काकींची मान डावीकडे वळली. त्या चिंचेकडे बघत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत चिंचेकडे.

"बगितलंस?" काकी म्हणाल्या. "हात हितं हाय. तोंड कुटं हाय माजं?"

मी म्हटलं, "काकी, एवढा गोंधळ होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"मुक्याचं तरी कुनाच्या ध्येनात आलं हुतं? मीच घिऊन बसले हुते." मोबाइल त्यांनी रोहनला परत दिला. "त्ये तुजं इंग्रजी काय गं? कुनी भाग पाडलं नसताना क्येलेली?"

"अनफोर्स्ड एरर," मी म्हटलं.

"तसली हाय ही. तिनं काय केलं न्हवतं मला. नुसती जिंकली हुती."

रविवारी दुपारी अंतिम सामना होता. योगायोग असा की आदळ्या आणि मुका. युसूफभाई जेवून लवकरच आले आणि आदळ्याच्या बाजूला, म्हणजे चटईवर जागा धरून बसले. रोहन आकडे बघून त्यांच्याच शेजारी. मीही चटईवर. सगळ्यांना वाटत होतं काकी चटईवरच येणार, मुक्याच्या बाजूला त्या कशाला बसतील? काकी आल्या आणि बाकड्यावर बसल्या.

"वहिनी, जागा चुकली," युसूफभाई म्हणाले.

"न्हाई चुकली."

"मुका हाय त्या बाजूला."

"म्हाईत हाय. लई बोलले मी त्येला." आणि जरा थांबून, "एकदाच चुकला हुता त्यो."

पडद्यावर दोघे सराव करत होते. काकी बाकड्यावरून उठल्या. नियमाप्रमाणे पहिला चेंडू पडेपर्यंत उठायला हरकत नव्हती. मागच्या अंगणात गेल्या. सोप्यातून ते छोटं दार दिसतं. त्यांनी आपल्या बाजूची कडी काढली. दार ढकललं. पलीकडची कडी लागलेलीच होती, दार हललं नाही.

"शालन," काकी म्हणाल्या.

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"शालन, म्याच बगायला ये."

मग भिंतीपलीकडून, "मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी काय कळत हुतं? ये."

"कामं पडल्यात."

"मेंबर झालीस, आता कामं कशी करतीस? ये."

आत रोहनच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने तोंडावर हात ठेवला. मी मात्र त्या दाराकडे बघत होते. त्या क्षणी टीव्हीवर काय चाललंय ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग कडीचा आवाज झाला. शालनकाकी वाकून आत आल्या. हात ओले, कानामागे गुलाल अजून तसाच.

काकी त्यांच्यासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या दिशी हात दिला, पर तुज्याकडं बगितलं न्हाई मी."

शालनकाकी पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आक्का, मी तरी कुटं बगत हुते? मी तुमच्या तुळशीकडं बगत हुते."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. काकींना आधी हसू फुटलं की शालनकाकींना, ते मला सांगता येणार नाही.

शालनकाकी सोप्यात आल्या, पडद्याकडे एकदा बघितलं, विचारलं, "ह्यातला कोन कोन हाय?" आम्ही सांगितलं. "मंग मी ह्या आदळ्याकडं. मला गप बसनारी मानसं भ्या घालत्यात," म्हणाल्या आणि चटईवर येऊन बसल्या. बाकड्यावर काकी एकट्या. संध्याकाळ व्हायला आली तरी मॅच चालली होती आणि काकी प्रत्येक चेंडूला मुक्याला शिकवत होत्या, शालनकाकी आदळ्याला. आदळ्या जिंकला. मुका जाळीकडे चालत आला. काकी बाकड्यावरून उठून पुढे सरकल्या. "थांबा. हात बगू द्या." हात दिला गेला, पण नेमका कॅमेरा मुक्याच्या मागे होता. आम्हाला त्याची मानगूट दिसली.

"बगितलं का त्यानं?" शालनकाकींनी विचारलं.

"दिसलं न्हाई," काकी म्हणाल्या. "आता त्येचं त्येला म्हाईत." आणि सहा कप चहा टाकला, कारण एक कप मुद्दाम भिंतीपलीकडे, दिरांसाठी होता.

त्यानंतरची दोन वर्षं आमची पाच जणांची बैठक झाली. तिसऱ्या वर्षी स्पर्धेला महिनाभर असताना काकी गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. रोहन तोवर बावधनला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेला होता, तो बातमी कळताच आला. चार दिवसांनी आम्ही सोप्यात बसलो होतो, टीव्ही बंद, शालनकाकी बाकड्यावर. त्या म्हणाल्या, "तुज्या मोबाइलात त्ये गुलालाचं हाय का रं अजून?"

रोहनने शोधलं. होतं. आम्ही चौघं डोकी जवळ आणून बघायला लागलो. मला वाटलं, पुन्हा चिंच आणि तुळस. काकींची मान वळली, शालनकाकींची पाठ. मी दुसरीकडे बघणार, तोच युसूफभाई म्हणाले, "परत लाव."

रोहनने परत लावलं.

"तोंडं बगू नका," युसूफभाई म्हणाले. "हात बगा."

हात मिळाला. डीजे वाजत होता. पोरं थांबली. कुणीतरी शालनकाकींच्या खांद्यावर गुलाल टाकला. फटाक्यांची माळ संपली. ट्रॅक्टर सुरू झाला, थोडा पुढे गेला. एकीचं तोंड चिंचेकडे, दुसरीचं तुळशीकडे, आणि फाटकावर हात तसेच. पोरांनी शालनकाकींना पुढे ओढेपर्यंत दोघींपैकी कुणीही हात सोडला नव्हता.